कामाची कीर्द

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात मिरकरवाडा, रत्नागिरी येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी महिन्यापूर्वी आमच्या घरी येऊन आज्ञा केली की, नोकरी-धंद्यात नव्याने पडलेल्या आपल्या तरुण मंडळींना उपयोगी पडेल असे काही यंदाच्या मेळाव्यात सांगावे. विषय आम्हीच निवडावा अशी सवलतही त्यांनी दिली. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. त्यापुढे शिक्षकाचे प्रशिक्षण झाले तेवढेच. अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविला. तेव्हा मोठमोठ्या विषयांवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही हे आम्ही जाणून आहो. परंतु एक गोष्ट अशी आहे की जी आम्ही स्वतः चुकून शिकलो, आणि चुकून शिकलेली गोष्ट मास्तर जरा बरी शिकवितो असा आमचा अनुभव आहे. ती गोष्ट म्हणजे हातातील कामे लिहून ठेवण्याची व त्यांचा रोजचा हिशेब करण्याची सवय.

विषय ऐकून मागील बाकांवर थोडी चुळबुळ झालेली आम्हांस दिसली. हरकत नाही. वर्गात हजेरीला प्रारंभ केला म्हणजे अशीच चुळबुळ होते.

प्रथम आमची चूक सांगतो. नोकरीस लागून पाचसहा वर्षे झाली होती. त्या काळी चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रे शाळेतून भरून मुदतीत पाठवावी लागत. आमच्या वर्गात तीन मुले परीक्षेस बसण्याजोगी होती; त्यांत एक मुलगी फारच तल्लख. तिची आई डोक्यावर पाटी घेऊन घरोघर मासे विकी. आवेदनपत्रे आली त्या दिवशी आम्ही ती कपाटात ठेवली आणि ‘शनिवारी भरू’ असे मनाशी म्हटले. शनिवारी तपासणीसाहेब आले. पुढील आठवड्यात मतदारयाद्यांचे काम अंगावर पडले. आठवण झाली ती मुदत टळल्यावर चौथ्या दिवशी. मुलीच्या आईला शाळेत बोलावून सांगितले. ती माउली एवढेच म्हणाली, “गुरुजी, तुमच्या ध्यानात तरी किती रव्हायचा?” ती रागावली असती तर आम्हांस बरे वाटले असते. त्या मुलीचे पुढे वाईट झाले नाही. परंतु जी संधी तिची होती ती आमच्या आळसामुळे गेली असेही नाही. आम्ही आळशी नव्हतो. आम्ही विसरलो, आणि आपण विसरणार नाही अशा भ्रमात राहिलो.

हा भ्रम आपल्या समाजात विशेष आहे, आणि त्याला कारणही आहे. आपले वाडवडील दर्यावर्दी. त्यांची स्मरणशक्ती अचाट. आमचे वडील तिथी सांगितली की भरतीची वेळ सांगत. रोज सुमारे दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, भरती पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण व अष्टमीच्या सुमारास भांग, हा सारा हिशेब त्यांच्या बोटांच्या पेरांवर असे. पाण्याखालील खडप कोठे आहे हे ते भगवती किल्ल्याच्या व मागील डोंगरांच्या खुणा जुळवून ओळखीत. आम्ही वही काढली की ते हसत व म्हणत, दर्या काय वहीत मावतो?

वडिलांपुढे आम्ही कधी बोललो नाही. आज उत्तर सुचते ते असे की, भरती चंद्राच्या हुकमाने आपोआप वेळेवर येते; परवान्याच्या नूतनीकरणाची मुदत कोणाला हाक मारीत नाही. वडिलांच्या वेळी नौका म्हणजे लाकूड, शीड, जाळे आणि माणसे. आज त्याच नौकेला नोंदणी आहे, १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखालील परवाना आहे, विमा आहे, डिझेलच्या कराचा परतावा मिळविण्यासाठी सोसायटीकडे द्यावयाची कागदपत्रे आहेत, खलाशांची ओळखपत्रे आहेत, बँकेचा हप्ता आहे. पावसाळी बंदीच्या दोन महिन्यांत जाळी विणून व यंत्र दुरुस्त करून घ्यावयाचे आहे. यांतील एकही गोष्ट तिथीवरून कळत नाही.

आणि निरक्षर माणसे काही लिहीत नसत असे ज्यांना वाटत असेल त्यांनी आमच्या मातोश्रींचे स्वयंपाकघर पाहावयास हवे होते. त्यांना अक्षर ठाऊक नव्हते. परंतु दाराच्या मागील भिंतीवर कोळशाच्या रेघा असत. उभी रेघ म्हणजे एक रुपयाची उधारी, आडवी म्हणजे आठ आणे. गिऱ्हाइकागणिक निराळी जागा, आणि जागेच्या माथ्यावर एखादी खूण: छत्री, चष्मा, कंदील. चष्मा म्हणजे पोस्टातील कारकून. गणपतीपूर्वी भिंतीला चुना द्यावयाचा, म्हणून त्याच्या आधी सर्व उधारी वसूल झालीच पाहिजे असा त्यांचा नियम. चुना हीच त्यांची वर्षअखेर. आम्ही पुढे ट्रेनिंग कॉलेजात हिशेबनीस कसा असावा यावर व्याख्यान ऐकले, तेव्हा ती भिंत आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

आपल्या महाराष्ट्रात लिहून ठेवण्याची विद्या परकी नाही. समर्थांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे असावे, ओळींत अंतर कसे राखावे, कागद-शाई-लेखणी कशी सिद्ध ठेवावी, इतक्या बारीक गोष्टी त्यात सांगितल्या आहेत. पेशव्यांच्या दफ्तरातील रोजकीर्दी आजही पुण्यास जपून ठेवलेल्या आहेत. त्या दफ्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या अवधीत ज्यांच्या संपादकत्वाखाली निघाले ते गोविंद सखाराम सरदेसाई आपल्याच जिल्ह्यातील गोविळ गावचे, जन्म १८६५. ते १८८९ मध्ये बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरीस लागले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवावयाचे आणि राजपुत्रांना शिकवावयाचे, हे त्यांचे काम. इतर कोणीही वाचून दाखविले असते व शिकविले असते आणि संध्याकाळी घरी गेला असता. सरदेशांनी शिकविण्यासाठी टिपणे काढली, ती जपली, वाढविली. आणि त्या टिपणांतूनच रियासतीचे खंड उभे राहिले. नोकरीतील टाचणातून रियासतकार झाला, ही गोष्ट आम्हां मास्तरांना फार सुखावणारी आहे. आम्हीही अडतीस वर्षे टाचण काढले. त्यातून कोणतीही रियासत निघाली नाही हे खरे, पण तासाला गेल्यावर काय शिकवावे असा प्रश्नही कधी पडला नाही.

परदेशातील एक उदाहरण आपल्या धंद्याच्या जवळचे आहे म्हणून सांगतो. अमेरिकेच्या आरमारात मॅथ्यू फाँटेन मॉरी नावाचा अधिकारी होता. १८३९ मध्ये घोडागाडीच्या अपघातात त्याचा पाय जायबंदी झाला व जहाजावरील नोकरी संपली. १८४२ मध्ये त्याला वॉशिंग्टन येथे नकाशांच्या कोठारावर नेमले. तेथे जुन्या जहाजांच्या रोजनिशा धूळ खात पडल्या होत्या. अमुक दिवशी अमुक ठिकाणी वारा कोठून, प्रवाह कोठे, हवामान कसे, असे कप्तानांनी रोजच्या रोज लिहिलेले. लिहिणाऱ्यांना त्यात काही विशेष वाटले नव्हते. मॉरीने त्या हजारो नोंदी महिन्यावार व जागेवार एकत्र मांडल्या आणि १८४७ मध्ये उत्तर अटलांटिकचा वाऱ्यांचा व प्रवाहांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यानंतर जहाजांचे प्रवास कित्येक दिवसांनी कमी झाले. एकेका कप्तानाच्या डोक्यात राहिले असते तर ते ज्ञान त्याच्याबरोबरच समुद्रात किंवा मातीत गेले असते. आपल्या तांडेलांचे तसेच झाले आहे. आमच्या एका पुतण्याच्या नौकेवरील जीपीएस यंत्रात पाणी शिरले, तेव्हा पंधरा वर्षांत साठविलेल्या मासळीच्या जागा एका रात्रीत गेल्या. वहीत उतरवून ठेवावयास एक दुपार पुरली असती.

आता पद्धत कोणती, हे विचाराल. आम्ही नवी पद्धत शोधलेली नाही. जुन्या पेढीवरील वाणी जे करी तेच आम्ही कामांच्या बाबतीत करतो. पेढीवर पहिली असे कच्ची वही. देवघेव झाली की त्याच क्षणी, वेडेवाकडे का होईना, तीत लिहावयाचे. संध्याकाळी त्यावरून पक्की कीर्द. एका बाजूस जमा, दुसऱ्या बाजूस नावे, आणि शेवटी ‘श्री शिल्लक’. ती शिल्लक दुसऱ्या दिवशीच्या पानावर प्रथम ओढावयाची. मग सवडीने खतावणी, म्हणजे ज्याचे त्याचे खाते ज्याच्या त्याच्या पानावर.

आमची कच्ची वही खिशात मावेल एवढी. मुख्याध्यापकांनी काही सांगितले, पालक रस्त्यात भेटून काही बोलला, वाचताना काही सुचले, की तेथल्या तेथे तारीख घालून लिहावयाचे. येथे सौंदर्याकडे पाहू नये. घरी जाऊन लिहू असे म्हणणारा मनुष्य घरी जाऊन जेवतो.

संध्याकाळी, दिवेलागणीनंतर दहा मिनिटे, मोठ्या वहीत उद्याचे पान लिहावयाचे. प्रत्येक कामास एक ओळ, आणि ओळीत तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: काय करावयाचे, कोणाकडे करावयाचे, केव्हापर्यंत. पुष्कळ लोक नुसते ‘डिझेल’ असे लिहून ठेवतात. आठ दिवसांनी ते पाहिले म्हणजे डिझेल आणावयाचे होते, की डिझेलचे पैसे द्यावयाचे होते, की डिझेलच्या पावत्या न्यावयाच्या होत्या, हे त्यांनाच कळत नाही. ‘सोसायटीत गेल्या महिन्याच्या डिझेल-पावत्या नेऊन देणे, सोमवारपर्यंत’ असे लिहिले की हात आपोआप पावत्यांकडे जातो. काम झाले की ओळीवर रेघ. राहिले ते शिल्लक. ते दुसऱ्या दिवशीच्या पानावर स्वतःच्या हाताने पुन्हा लिहावयाचे. ही पुन्हा लिहिण्याची शिक्षा फार गुणकारी आहे. एकच काम पाच दिवस उतरविताना मनुष्यास स्वतःची लाज वाटते, आणि मग तो एक तर ते करून टाकतो किंवा ‘हे आपल्याच्याने होणार नाही’ असे संबंधितास स्पष्ट कळवितो. दोन्हींत अब्रू राहते.

दुसऱ्यांकडे सोपविलेल्या कामांचे पान मात्र निराळे असावे. कोणत्या कचेरीत कोणता अर्ज कोणत्या तारखेस दिला, आवक क्रमांक काय, पुन्हा केव्हा विचारावयाचे. आवक-जावक बारनिशी सरकारने स्वतःसाठी ठेवली आहे. आपणही आपल्या अर्जांची ठेवावी. खिडकीवरील कारकुनास ‘अर्ज दिला होता हो’ असे म्हणणारा आणि ‘अमुक तारखेस अमुक क्रमांकाने दिला आहे’ असे म्हणणारा, यांना मिळणाऱ्या उत्तरांत काय अंतर असते ते आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

खतावणीचे सांगावयास फार नाही. शनिवारी संध्याकाळी आठवड्याची पाने चाळावीत व ठेवण्याजोगे असेल ते विषयवार वहीत उतरवावे. इतकेच.

तरुण मंडळी म्हणतील, हे सर्व मोबाइलमध्ये होते. होते, आणि त्यातच केले तरी आमची ना नाही. आमच्या सूनबाई बँकेत आहेत. त्या फोनमध्येच लिहितात व वेळेवर घंटा वाजते. एकच पाहावे की एका गोष्टीची नोंद एकाच ठिकाणी असावी. थोडे व्हॉट्सअ‍ॅपवर, थोडे डोक्यात, थोडे कॅलेंडरच्या चौकोनात आणि उरलेले बायकोच्या ध्यानात, अशी वाटणी झाली की कोणतेही पान खरे राहत नाही. आणि आमच्या पुतण्याचे यंत्र ध्यानात ठेवावे.

आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला ते सांगतो.

आमच्या माहितीतील एका घरचा मुलगा अभियांत्रिकी शाखेच्या प्रवेशास पात्र ठरला. जातवैधता प्रमाणपत्र हवे होते. आपणांस ठाऊक आहेच की इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख मानली जाते व तिच्या पूर्वीचा पुरावा मोलाचा ठरतो. आजोबांच्या शाळेतील जनरल रजिस्टर काढले तर जातीच्या रकान्यात जातीऐवजी धंदा लिहिलेला. लिहिणारे गुरुजी केव्हाच निवर्तले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, रकाना भरताना त्यांनी कोणास विचारलेच नसेल. मुदत पंधरा दिवसांवर आली. तेव्हा त्या घरातील पत्र्याच्या पेटीत पणजोबांची एक वही सापडली. पणजोबांना सहीपलीकडे लिहिता येत नसे. परंतु कोणा मास्तराकडून त्यांनी प्रत्येक मुलाचा जन्मदिवस व त्यास कोणत्या गावच्या शाळेत कोणत्या साली घातले ते लिहवून घेतले होते. तीत थोरल्या मुलीचे, म्हणजे आजोबांच्या सख्ख्या बहिणीचे, नाव होते. ती आजोळी राहून शिकली होती हे आज घरात कोणासही ठाऊक नव्हते. त्या शाळेत मुलाचे वडील दुसऱ्या दिवशी गेले. रजिस्टर होते, आणि रकान्यात जात स्पष्ट लिहिलेली होती. वही स्वतः पुरावा नव्हती. समितीने ती हातातही घेतली नसती. परंतु कोठे शोधावे हे तिने सांगितले. प्रमाणपत्र मिळाले.

दुसरी हकीकत दुःखाची होता होता राहिली. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ आपल्या किनाऱ्यावर आले. किती घरांत त्या दिवसांत चूल पेटली नाही ते येथे बसलेल्या अनेकांना सांगावयास नको. आमच्या नात्यातील एक नौका दोन रात्री बेपत्ता होती. चौकशीस आलेल्या अधिकाऱ्याने साधा प्रश्न विचारला: नौकेवर माणसे किती व त्यांची नावे काय? मालक म्हणाले सात. त्यांचे बंधू म्हणाले आठ. निघताना धक्क्यावरून एक खलाशी आयत्या वेळी चढला होता असे कोणी सांगे. त्यास सर्वजण ‘बाबू’ म्हणत. पूर्ण नाव काय, गाव कोणते, घरी कोण, हे कोणासही ठाऊक नव्हते. आम्ही स्वतः वही उघडून बसलो होतो, नावे लिहून घेण्यासाठी. आठवी ओळ रिकामी राहिली. आपली माणसे परत यावीत म्हणून आम्ही सारे देवाला हाका मारीत होतो, आणि त्या आठव्या माणसासाठी त्याच्या गावी कोणी हाक मारावयाची तर त्याच्या घरास कळविणार कोण व कोठे?

नौका जयगडच्या खाडीत आश्रयास गेली होती. तिसऱ्या दिवशी आली. आठही माणसे होती. बाबू धक्क्यावर उतरला, तेव्हा आम्ही प्रथम त्याचे नाव विचारले. तो घाबरला, त्यास वाटले मास्तर काही गुन्हा लिहून घेत आहेत.

आज मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून जाणाऱ्या नौकांवर पुष्कळ खलाशी दूरचे आहेत, कर्नाटकातले आहेत, नेपाळचेही आहेत. ओळखपत्रे आली, यंत्रे आली, कागद वाढले. तरीही आयत्या वेळी एक माणूस उतरतो व दुसरा चढतो, आणि ती अदलाबदल कोणत्याच कागदावर येत नाही. ती केवळ निघण्याच्या क्षणी, धक्क्यावर, कच्च्या वहीतच येऊ शकते.

म्हणून आज आम्ही रिकाम्या हातांनी आलेलो नाही. मंडळाच्या परवानगीने पन्नास लहान वह्या आणल्या आहेत. त्या दाराजवळील टेबलावर आहेत. प्रत्येक पानावर आम्ही आखणी केली आहे: तारीख, निघण्याची वेळ, नौकेवरील माणसांची पूर्ण नावे, गाव, आणि घरचा फोन. तांडेलाने निघण्यापूर्वी पान भरावे, फाडून किनाऱ्यावर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे द्यावे. नौका परतली की त्यावर रेघ मारावी. ज्यांच्या नौका नाहीत त्या भगिनींनी व नोकरदारांनीही एकेक वही न्यावी. त्यांच्या पहिल्या पानावर आम्ही घरातील आजी-आजोबांची शाळा, गाव व साल लिहिण्यास जागा ठेवली आहे. ज्यांची आजी हयात आहे त्यांनी हे पान आज रात्रीच भरावे, उद्या नको.

वही नेणाऱ्याने टेबलावरील यादीत आपले नाव लिहावे, कारण पुढील वर्षीच्या मेळाव्यात आम्ही ती पाहावयास मागणार आहोत. अध्यक्षमहाराजांनी वेळ संपल्याची चिठ्ठी आमच्यापुढे दोनदा सरकविली आहे. दोन्ही चिठ्ठ्या तारीख घालून वहीत ठेवल्या आहेत, आणि आम्ही खाली बसतो.